गेट ढकलून आत आलेला शिवाजीराव

१९७५ सालचा 'अपूर्व रागंगळ'. बंगल्याचं गेट ढकलून दाढी वाढलेला एक माणूस आत येतो. पडद्यावरचं त्याचं हे पहिलंच पाऊल! हा शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातला बस कंडक्टर. तमिळमध्ये शिवाजी गणेशन असताना दुसरा शिवाजी कसा चालणार? म्हणून दिग्दर्शकाने आपल्याच 'मेजर चंद्रकांत' नाटकातल्या पात्राचं नाव त्याला दिलं: रजनीकांत. गंमत म्हणजे याच नाटकावरून निघालेल्या 'ऊंचे लोग'मध्ये १० वर्षं आधी फिरोज खान 'रजनीकांत' होऊन गेला होता!

हे दिग्दर्शक के. बालचंदर. जन्म १९३०, तंजावर भागातलं नन्निलम. शिकले प्राणिशास्त्र, काही काळ शाळेत शिकवलं आणि मग मद्रासच्या अकाउंटंट जनरल ऑफिसात कारकून झाले. दिवसा फायली, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. विनोदी नट नागेशला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या 'सर्व्हर सुंदरम'वर सिनेमा निघाला, हिंदीत मेहमूदने तो 'मैं सुंदर हूं' म्हणून केला. १९६५ मध्ये पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, 'नीर्कुमिळी'. त्यातही नागेश, आणि जवळजवळ सगळी गोष्ट इस्पितळात. विनोदी नटाला रुग्ण करून नायकपद द्यायचं, तेही पहिल्याच चित्रपटात! केवढी ही छाती!

भाषेची अडचण त्यांनी कधी मानली नाही. तमिळ मुलगा आणि तेलुगू मुलगी यांच्या प्रेमाचा 'मरो चरित्र' (१९७८) मद्रासमध्ये डबिंगशिवाय, तेलुगूतच वर्षाहून जास्त चालला. तीच गोष्ट गोव्यात नेऊन 'एक दूजे के लिए' (१९८१) झाला, नायक म्हणून कमल हासनचा पहिला हिंदी चित्रपट. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या हिंदी उच्चारांबद्दल संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल साशंक होते. बालचंदर मात्र अडून बसले. नायकच तमिळ, मग उच्चार तमिळ वळणाचे असले तर बिघडलं कुठे? एसपींना त्या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला तर बालचंदर सगळ्यात जास्त इथेच दिसतात.

१९८१ मध्येच आपल्या अमोल पालेकरांचा 'गोलमाल' तमिळमध्ये गेला, 'तिल्लु मुल्लु' होऊन. मारामारीच्या हिरोला, रजनीकांतला, बालचंदर यांनी पोट धरून हसवायला लावलं.

आणि निर्माते बालचंदर? ए. आर. रहमानचं पदार्पण ज्या 'रोजा'त झालं, तो मणिरत्नमचा चित्रपट. पण निर्मिती बालचंदर यांच्या 'कवितालया'ची.

साठीच्या उंबरठ्यावर ते टीव्हीकडे वळले. दूरदर्शनवर 'रयिल स्नेहम', मग 'कै अळवु मनसु', आणि पुढे कितीतरी. फाळके पुरस्काराचे हे मानकरी टीव्हीला दुय्यम समजले नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांच्याच 'सिंधु भैरवी' (१९८५) या चित्रपटाने सुहासिनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. त्यात सिंधू आपलं तान्हं मूल आपल्या प्रियकर गायकाच्या निपुत्रिक बायकोच्या ओटीत घालून निघून जाते. त्या घराचं पुढे काय झालं, हे बालचंदर यांनी कित्येक वर्षांनी सांगितलं, टीव्हीवरच्या 'सहाना' मालिकेत.