अँजिओग्राफी : सही करण्यापूर्वी

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखू लागते, डॉक्टर ‘अँजिओग्राफी करून घ्या’ म्हणतात आणि आपण घाबरून कागदावर सही करतो. ही तपासणी नेमकी काय, हे फार थोड्या घरांत विचारले जाते.

साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात; रक्तवाहिन्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून मनगटातील किंवा जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आयोडीनयुक्त द्रव सोडतात. हा द्रव एक्स-रे अडवतो, त्यामुळे रक्ताची वाट पडद्यावर उमटते आणि ती कोठे अरुंद झाली ते कळते. नळी घालण्याची जागा तेवढी बधिर करतात. द्रव शिरताना अंगात क्षणभर ऊब जाणवते, त्याने घाबरू नये.

१९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या अशा टिपल्या. १९५८ मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स तपासणी करीत असताना द्रव चुकून थेट हृदयाच्या धमनीत गेला. रुग्ण वाचला आणि आजच्या तपासणीची वाट खुली झाली.

हा द्रव लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल, मधुमेह असेल, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे; क्रिएटिनिनचा अहवाल दाखवावा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पूर्वी अशा द्रवाने अंगावर पित्त उठले असेल किंवा दम लागला असेल, तर तेही सांगावे. मासळी सोसत नाही म्हणून ही तपासणी करताच येत नाही, हा मात्र गैरसमज आहे.

रमजानमध्ये ही वेळ आली तर शरीरातले पाणी कमी होऊ देणे मूत्रपिंडांना बाधू शकते. आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. वडीलधारे ऐकत नसतील तर त्यांना प्रेमाने हीच आठवण द्यावी.

आणखी एक गोष्ट. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, उपचार नव्हे. हृदयविकाराचा झटका आला असेल तर क्षणही दवडू नये. पण प्रकृती स्थिर असेल, तर ‘औषधांनी भागेल का? स्टेंट आजच बसवायला हवा का?’ हे आपण विचारलेच पाहिजे. असे विचारणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नाही. तो आपल्या माणसाचा हक्क आहे.