जुना कीबोर्ड घेतांना

घराची साफसफाई निघाली म्हणजे कित्येक ठिकाणीं माळ्यावरून एक लांबट, काळी, धुळीनें माखलेली वस्तु खालीं येते. चिरंजिवांसाठीं एके काळीं मोठ्या हौसेनें आणलेला तो कीबोर्ड असतो. चिरंजीव मात्र परीक्षा, नोकरी आणि परगांव या क्रमानें त्याच्यापासून दूर गेलेले असतात. अशीं वाद्यें मग ओळखीपाळखीनें किंवा मोबाइलवरील जाहिरातींतून विक्रीस निघतात. आणि ज्या घरीं एखादी नात गाणें शिकूं लागलेली असते, त्या घरीं नवें घ्यावें कीं हें जुनें, असा खल सुरू होतो. आमचें मत जुनें घ्यावें असेंच आहे. मात्र तें पारखून घ्यावें, आणि घरीं आल्यावर त्याच्याकडून कोणतें काम घ्यावयाचें व कोणतें घ्यावयाचें नाहीं, हें अगोदर ठरवावें.

कॅसिओ कंपनीनें ‘कॅसिओटोन’ नांवाचें वाद्य १९८० सालीं बाजारांत आणलें. पुढें आपल्याकडे कोणत्याही कारखान्याच्या कीबोर्डास ‘कॅसिओ’च म्हणण्याचा प्रघात पडला, जसा एके काळीं सर्व वनस्पति तुपास डालडा म्हणण्याचा होता. या वाद्यांत हार्मोनियमप्रमाणें भाता नाहीं कीं पितळी सूर नाहींत. हार्मोनियमचे सूर वापरानें व हवेनें उतरतात, ते कारागिराकडून लावून घ्यावे लागतात. आतांच्या कीबोर्डाचा सूर स्फटिकाच्या कंपनावर बांधलेला असल्यामुळें वीस वर्षें पडून राहिलेलें वाद्यही सहसा बेसूर होत नाहीं. जुनें घेण्यांतील मोठा लाभ तो हाच. झिजतात तीं दुसरींच अंगें: पट्ट्यांखालचे रबर, आवाजाची खुंटी, कर्णा आणि विजेची जोडणी.

म्हणून पाहावयास जातांना घाई करूं नये व वाद्य विक्रेत्याच्या घरीं, चालू स्थितींत पाहावें. पांच सप्तकांच्या ६१ पट्ट्या असलेलें वाद्य पुरेसें होतें. बारीक पट्ट्यांचें खेळणें मात्र फुकट मिळालें तरी नको, कारण बोटांना पडलेलें चुकीचें अंतर पुढें मोडावें लागतें. प्रत्येक पट्टी एकदां हळू व एकदां जोरानें दाबावी. पट्टीखालीं रबराची लहानशी वाटी असते. तिच्या तळाचा काळा ठिपका खालच्या फळीस टेकला कीं सूर निघतो. ज्या वाद्यांत बोटाच्या जोराप्रमाणें आवाज लहानमोठा होतो, त्यांत असे दोन ठिपके असतात व ते टेकण्यामधील अंतरावरून जोर मोजला जातो. तेथें धूळ शिरली तर एखादी पट्टी मुकी होते किंवा भलत्याच जोरानें ओरडते. दोनचार पट्ट्यांचा असा दोष असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं. जाणता कारागीर वाद्य उघडून तें पुसून देतो, आणि भाव पाडण्यास निमित्तही मिळतें. सेलच्या खणांत हिरवट-पांढरी भुकटी सांचलेली दिसली, किंवा विजेची पिन हालवितांच वाद्य बंद पडूं लागलें, तर मात्र आम्ही हात आंखडता घेऊं.

मूळ अडॅप्टर हरवलेला असणें हें जुन्या वाद्यांचें नित्याचें दुखणें. येथें ‘बसतो ना, मग चालेल’ हा न्याय लावूं नये. पुष्कळ जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट लागतात व पिनेच्या मध्यभागीं ऋण टोंक असतें. यामाहाच्या पुष्कळ वाद्यांना १२ व्होल्ट लागतात व मध्यभागीं धन टोंक असतें. खांचेजवळ छापलेली आकृति पाहूनच जोडणी करावी. शेवटीं मोबाइलवरील सूरमापकानें परीक्षा घ्यावी: डावीकडून तिसरी पांढरी एक, तिच्यापुढची पांढरी सहा, तिची कंपनें ४४० भरलीं पाहिजेत. न भरल्यास कोणीतरी कळ फिरवून ठेवली आहे असें आधीं समजावें.

वाद्य घरीं आलें म्हणजे मुलें प्रथम तयार तालांच्या कळीवर तुटून पडतात. एक बोट ठेवावें, आणि ढोल, गिटार, तुताऱ्या सर्व कांहीं आपोआप सुरू! आठ दिवस ही मौज चालूं द्यावी. नंतर ती कळ बंद. आवाज हार्मोनियमचा किंवा ऑर्गनचा निवडावा. पियानोचा सूर विरून जातो, गळ्याला आधार देत नाहीं. पांढऱ्या पट्ट्यांवर सा, रे, ग ला अंगठा, तर्जनी व मध्यमा; मग अंगठा खालून नेऊन म वर, आणि वरचा सा करंगळीवर. गळ्याची पट्टी काळी चार असेल तर ट्रान्सपोजची कळ चार घरें खालीं न्यावी, म्हणजे पांढरी एकच काळी चार बोलूं लागते. ही सोय दोनतीन महिनेच घ्यावी. वर्गांतील साध्या पेटीला अशी कळ नसते व तेथें मुलगी गोंधळून जाते.

आतां मुख्य गोष्ट. सप्तकाचे १२०० समान अंश मानले, तर तंबोऱ्यांतून उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ व्या अंशाजवळ असतो; कीबोर्डाचा गंधार ४०० व्यावर. हा फरक लहान, परंतु चांगल्या कानाला बोंचणारा आहे. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली व ती १९७१ सालीं सैल केली. त्या वादांतही ठरीव सुरांचा आणि मींड न निघण्याचा आक्षेप होताच. आम्ही इतके कडवे नाहीं. अलंकार बसविण्यास, पदाची चाल काढण्यास, ताल धरण्यास कीबोर्ड उत्तम. परंतु सूर लावावयाचा तो तंबोऱ्यावर, निदान विजेच्या तंबोऱ्यावर. त्या वेळीं कीबोर्डावर आच्छादन असावें.

कर्णयंत्राविषयीं एक शब्द. दुपारीं आजोबांची झोंप मोडत नाहीं हा लाभ खरा. परंतु कानांत वाजलेली चूक स्वयंपाकघरांतून सुधारली जात नाहीं. ‘अग, निषाद कोमल आहे’ असें पोळ्या लाटतां लाटतां सांगणारी आत्या ज्या घरीं आहे, तेथें सायंकाळचा अर्धा तास तरी वाद्य उघड्यावर वाजावें.

पावसाळ्यांत वाद्य भिंतीला टेकवून ठेवूं नये. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावे, आणि आच्छादनास प्लास्टिक न घेतां जुनें धुवट लुगडें घ्यावें. त्यांत दमट हवा कोंडत नाहीं.