हौशी रेडिओ केंद्र, डोंगरमाथ्यावरील

वाहून नेता येण्याजोगी रेडिओ सामग्री उंच ठिकाणी मांडून तात्पुरत्या काळासाठी चालविण्यात येणारे बिनतारी संदेशवहन केंद्र. हौशी रेडिओ ही आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता स्वयंशिक्षण, प्रयोग व परस्परसंपर्क यांसाठी चालविली जाणारी सेवा होय. भारतात तीसाठी परीक्षा उत्तीर्ण होऊन केंद्र शासनाचा परवाना घ्यावा लागतो व केंद्र अन्यत्र हलविताना परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात.

या सेवेतील १४४ ते १४६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे (सु. २ मी. लांबीचे) तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेने त्यांचा पल्ला मर्यादित होतो. आकाशकाच्या (अँटेनाच्या) मीटरमधील उंचीच्या वर्गमूळाला ४.१२ ने गुणल्यास रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सपाट जमिनीवर १.५ मी. उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज सु. ५ किमी. असते, भोवतालच्या प्रदेशाहून ६०० मी. उंच असलेल्या माथ्यावर ते सु. १०० किमी. होते. म्हणूनच ५ वॉट शक्तीचा हातात मावणारा संचही माथ्यावरून दूरवर पोहोचतो. सखल भागात शक्ती कितीही वाढविली, तरी हा अडथळा दूर होत नाही.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसरात हे तत्त्व स्पष्ट दिसते. शहर कामवारी नदीकाठच्या सखल प्रदेशात वसले असून तालुक्याच्या उत्तर भागात दुगाडजवळ गुमतारा किल्ल्याचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यासमोर भिवंडी-कल्याणकडील सखल प्रदेश मोकळा येतो. पश्चिमेकडे मात्र तुंगारेश्वरची डोंगररांग आडवी असल्याने तिच्यापलीकडील वसईच्या बाजूस तरंगांची छाया पडते. यास्तव नुसती उंची पुरेशी नसून इष्ट दिशा मोकळी असणेही आवश्यक असते.

सामग्रीत संच, १२ व्होल्टची विद्युत् घटमाला, हलका खांब व आकाशक यांचा समावेश होतो. विशिष्ट दिशेस तरंग एकवटण्यासाठी यागी आकाशक वापरतात. ७ मेगॅहर्ट्‌झसारख्या कमी कंप्रतेवर सु. २० मी. लांबीची तार मध्यभागी उचलून ताणतात. हे तरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. तेथे उंचीचे महत्त्व तुलनेने कमी असते.

ब्रिटनमध्ये २००२ साली ‘समिट्स ऑन द एअर’ हा शिखरांवरून संपर्क साधण्याचा उपक्रम सुरू झाला व पुढे तो अनेक देशांत पसरला. त्यात सामग्री स्वतः वाहून न्यावी लागते आणि वाहनातील वीज वा इंधनावरील जनित्र वापरता येत नाही. स्थानिक वीज व तारा यांवर विसंबून न राहण्याची ही सवय आपत्काळात उपयोगी पडते. २००१ सालच्या भूज भूकंपानंतर व २००४ सालच्या त्सुनामीनंतर अंदमान बेटांवरून हौशी चालकांनी संदेशवहन केले होते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, मुंबई व ठाणे परिसरातील वीज आणि दूरध्वनी सेवा विस्कळित झाल्या. अशा वेळी डोंगरावरील केंद्राची गरज सर्वाधिक असते, परंतु निसरडी वाट व विजेचा धोकाही तेव्हाच सर्वाधिक असतो. मेघगर्जना होत असताना उघड्या माथ्यावर खांब उभारणे प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे कोणत्या माथ्यावरून कोणत्या गावांशी संपर्क होतो, याची चाचणी कोरड्या ऋतूत घेऊन नोंद ठेवणे महत्त्वाचे ठरते.