शिबिर संपल्यावर येणारी माणसं

अमेरिकेतल्या तुरुंगांत ‘कायरोस’चं नाव निघालं की बंद्यांना आधी कुकीज आठवतात. गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपणाऱ्या या ख्रिस्ती साधना-शिबिरासाठी आसपासच्या चर्चमधली मंडळी त्या घरी भाजून हजारोंनी पाठवतात. शिबिरात नसलेल्या बंद्यांना आणि पहारेकऱ्यांनाही त्या मिळतात. त्यामुळे टीकाकारांना हा खाऊ वाटून पुण्य जोडण्याचा प्रकार वाटतो. समर्थकांचं लक्ष शेवटच्या दिवशीच्या अश्रूंवर असतं आणि चार दिवसांत माणूस पालटला, असं ते सांगत सुटतात. दोघेही त्या चार दिवसांकडेच पाहतात. माझ्या मते या उपक्रमाचं मोल शिबिर संपल्यावर दर आठवड्याला, दर महिन्याला त्याच फाटकातून पुन्हा आत येणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये आहे. आणि त्याची उणीवही तिथेच शोधायला हवी.

या शिबिराचा साचा मुळात तुरुंगासाठी घडलेला नव्हता. स्पेनच्या मायोर्का बेटावर १९४०च्या दशकात एदुआर्दो बोनीन आणि त्यांच्या कॅथलिक सहकाऱ्यांनी सामान्य संसारी माणसांसाठी ‘कुर्सिल्यो’ नावाचं तीन दिवसांचं शिबिर सुरू केलं. १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या रेफर्डच्या तुरुंगात ते बंद्यांसाठी भरलं. पण कॅथलिक चौकटीतली उपासना नाना पंथांच्या आणि कुठलाच पंथ नसलेल्या बंद्यांना कशी पुरणार? त्या ओढाताणीतून १९७९च्या सुमारास ‘कायरोस’ हा सर्व ख्रिस्ती पंथांना सामावणारा वेगळा उपक्रम उभा राहिला. बंदी आणि स्वयंसेवक एकाच टेबलाभोवती मिसळून बसतात. बरीचशी भाषणं पाद्र्यांची नसतात. साधे नोकरदार किंवा पेन्शनर आपल्याच आयुष्यातल्या पडझडीबद्दल बोलतात आणि मग टेबलावर त्याची चर्चा होते. कधीही न भेटलेल्या लोकांनी लिहिलेली पत्रं हाती येतात. ज्यांना क्षमा करायची त्यांची नावं पाण्यात विरघळणाऱ्या कागदावर लिहायची, आणि कुकीजची एक पिशवी बरॅकमध्ये ज्याच्याशी वैर आहे त्याला नेऊन द्यायची, असेही विधी आहेत. मला यातली सर्वांत चतुर गोष्ट वाटते ती निवडीची. नुसते गुणी, देवभोळे बंदी नकोत. ज्यांचा शब्द यार्डात चालतो ते हवेत, मग तो भल्यासाठी चालत असो वा बुऱ्यासाठी, असा आग्रह असतो. म्हणजे एकेका आत्म्याच्या उद्धाराबरोबर तुरुंगातल्या माणसामाणसांतल्या व्यवहारालाही हात घालायचा आहे.

पण याने गुन्हे कमी होतात का? अमेरिकेच्या न्याय-सांख्यिकी विभागाने २००५ मध्ये तीस राज्यांतून सुटलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा तीन वर्षांत ६८ टक्के आणि नऊ वर्षांत ८३ टक्के लोकांना पुन्हा अटक झालेली दिसली. एवढ्या मोठ्या प्रवाहाला चार दिवसांची भावनावश अवस्था बांध घालील, हे संभवत नाही. धार्मिक उपक्रमांचे आकडेही जपून वाचावे लागतात. टेक्सासमधल्या ‘इनरचेंज’ या दीर्घ ख्रिस्ती कार्यक्रमाचा २००३चा अभ्यास गाजला, कारण कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी फक्त ८ टक्के पुन्हा तुरुंगात गेले होते आणि तुलनेच्या गटातले २० टक्के. मात्र अर्ध्यावर गळालेल्यांसकट सगळे सहभागी मोजले, तर प्रमाण २४ टक्क्यांवर जात होतं. पूर्ण करण्याच्या अटीत सुटकेनंतर नोकरी टिकवणंही होतं. तेव्हा सावरलेलेच तेवढे निवडून ‘पाहा, सावरले’ म्हणण्यासारखं ते झालं. याउलट मिनेसोटाच्या तुरुंग खात्याच्या २०११च्या अभ्यासात भेटीला कुणी तरी येत असलेल्या बंद्यांमध्ये पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला, आणि ज्यांच्या भेटी अधिक उपयोगी ठरल्या त्यांत धर्मोपदेशकही होते. ‘कायरोस’चे स्वयंसेवक शिबिरानंतर प्रार्थना-गटांना आणि मासिक मेळाव्यांना येत राहतात. त्यांचा परिणाम होत असेल, तर तो या येत राहण्यातून होत असावा.

आक्षेप हलके नाहीत. कोंडलेल्या माणसाला घरचा खाऊ आणि मायेचे चार शब्द देऊन धर्म ऐकवणं हे आमिष नव्हे काय? काही अंशी आहेच, आणि सहभाग ऐच्छिक आहे एवढ्या उत्तराने ते पुसलं जात नाही. पण न्यायालयांनी पाहिलेली रेषा वेगळी आहे. आयोवात ‘इनरचेंज’ सरकारी पैशावर चालत होता आणि त्यातल्या बंद्यांना बऱ्या कोठड्या व सवलती मिळत होत्या. २००६ मध्ये संघीय न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला आणि वरच्या न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. स्वतःच्या खर्चाने येणारा आणि शिक्षेत सूट देण्याचा अधिकार नसलेला स्वयंसेवक त्या मानाने कमी धोकादायक. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: क्षमेच्या या सोहळ्यात ज्याचं वाटोळं झालं, तो पीडित कुठेच नसतो. याला ‘कायरोस’कडे उत्तर नाही. आपल्याकडच्या वाचकांनी हे सगळं केवळ ख्रिस्ती म्हणून बाजूला सारू नये. इगतपुरीहून जगभर गेलेल्या विपश्यनेचं १९९४ मध्ये तिहारमध्ये हजाराहून अधिक बंद्यांसाठी दहा दिवसांचं शिबिर झालं, आणि त्यानंतर तिथे कायमचं केंद्र उभं राहिलं. ते दहा दिवस संपल्यावर पुढे कोण, हा प्रश्न त्यालाही लागू आहे.

‘कायरोस’ची साखळी कमकुवत होते ती नेमकी फाटकापाशी. आत येणाऱ्या स्वयंसेवकांनी बंद्याला घरचा पत्ता, फोन द्यायचा नाही, असा नियम अनेक तुरुंगांत असतो. सुरक्षेसाठी तो समजण्याजोगाही आहे. पण त्यामुळे वर्षभर आत भेटलेला माणूस सुटकेच्या दिवशी हरवतो, आणि पुन्हा अटकेची मोजणी त्याच दिवशी सुरू होते. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये एका मेनोनाइट पाद्र्याने उलट टोकापासून सुरुवात केली. लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा भोगून बाहेर आलेल्या, शेजाऱ्यांना नको असलेल्या एका माणसाभोवती त्याने आपल्या मंडळीतले चारदोन लोक उभे केले. त्यांनी त्याच्या रोजच्या व्यवहारात साथ द्यायची आणि त्याच्यावर लक्षही ठेवायचं, असं ठरलं. तिथे शिबिर नव्हतं, विधी नव्हते. मिनेसोटाने हीच पद्धत उचलून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तपासली, तेव्हा पुन्हा अटक होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. ‘कायरोस’कडे हजारो स्वयंसेवक आहेत. त्यांतल्या काहींना तुरुंग प्रशासनाच्या परवानगीने सुटलेल्या माणसाबरोबर फाटकाबाहेर उभं राहू दिलं, तर कुकीज थोड्या कमी भाजल्या तरी चालेल.