कार्तिकातले पाहुणे

आमच्या तळोज्याच्या रात्रीच्या वर्गात एका मावशींनी मला एकदा विचारले, "मास्तर, दिवाळी झाली की खाजणात बारीक बारीक पाखरं येतात. पावसात ती दिसत नाहीत. मग तेव्हा ती राहतात तरी कुठं?"

प्रश्न मोठा चांगला आहे. त्याचे उत्तर आज आपण पाहू.

ही पाखरे आपल्या गावची नव्हेत. ती पाहुणी आहेत. काही हिमालयातून येतात. काही त्याच्याही पलीकडून, मध्य आशिया आणि सैबेरिया या दूरच्या मुलखांतून येतात. तिकडे उन्हाळ्यात दिवस मोठा असतो. किडे भरपूर असतात. तेव्हा ती तिथे घरटी बांधतात, पिल्ले वाढवतात. मग हिवाळा येतो. तळी गोठतात. जमीन बर्फाने झाकून जाते. पिसांमुळे पाखराला थंडी थोडीफार सोसते, पण भूक कशी सोसणार? म्हणून ती दक्षिणेची वाट धरतात. चैत्र-वैशाखात पुन्हा माघारी जातात.

निघण्याआधी ती खूप खातात. अंगावर चरबी साठवतात. हीच त्यांची वाटेची शिदोरी. दिवसा सूर्य आणि रात्री तारे पाहून ती दिशा ओळखतात. डोंगर, नद्या, समुद्राचा किनारा यांच्याही खुणा धरतात. पृथ्वी लोहचुंबकासारखी आहे. तिची ओढसुद्धा पाखरांना कळते.

"हे खरं कशावरून?" असे तुम्ही विचाराल. विचारलेच पाहिजे. मुंबईत 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी' नावाची संस्था १८८३ साली निघाली. पक्ष्यांचे मोठे जाणकार डॉ. सालिम अली हे याच संस्थेचे. पाखरू हलक्या हाताने पकडायचे, त्याच्या पायात नंबर असलेले हलके कडे घालायचे आणि सोडून द्यायचे, असे मोठे काम संस्थेने १९५९ पासून केले. ते पाखरू पुढे जिथे सापडेल, तिथून त्याचा प्रवास कळतो.

तुम्ही ओढ्याकाठी परीट पाहिला असेल. काही जण त्याला धोबी म्हणतात. तो सारखी शेपटी वरखाली करतो. पिवळ्या पोटाच्या अशाच एका परटाच्या पायात कडे घातले होते. तो हिमालयाकडून हजार किलोमीटरांहून जास्त उडून यायचा आणि मुंबईच्या उपनगरातल्या त्याच एका लहानशा हिरवळीवर उतरायचा. असे त्याने अनेक वर्षे केले. एवढ्या मोठ्या शहरात त्याला आपले अंगण चुकले नाही!

आता रोहित पक्षी पाहा. यालाच फ्लेमिंगो म्हणतात. पाय उंच, मान लांब, रंग गुलाबी. ठाण्याच्या खाडीत हे हजारोंनी उतरतात. त्यांच्यासाठी २०१५ साली तिथे अभयारण्य झाले. २०२२ साली काही रोहितांच्या अंगावर लहान यंत्रे बसवली. त्यांतले काही कच्छपर्यंत गेल्याचे त्यावरून कळले.

मुंबईसारख्या गजबजलेल्या शहराजवळ ही पाखरे का उतरतात? चिखलासाठी! ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यात शेवाळ असते, बारीक किडे असतात, शिंपल्या असतात. आपल्याला तो नुसता चिखल दिसतो. पाखरांना ते भरलेले ताट असते.

आणि ते ताट एकट्या पाखरांचे नाही. निवटी, चिंबोरी, कोळंबी तिथेच वाढतात. तुमच्या-आमच्या घरचे कालवण तिथूनच येते.

आपली कासाडी नदी पुढे खाडीलाच मिळते. २०१७ साली तळोज्यात निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. कारखान्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. कुत्री सर्वांना दिसली, म्हणून बोलबाला झाला. पण घाण पाण्याने चिखलातला किडा मेला, तर तो कोणाला दिसणार? भराव टाकून खाजण बुजवले, तर कोण ओरडणार? पाखरू ओरडत नाही. ते दुसऱ्या साली येत नाही, इतकेच.

म्हणून पाखरांवर नजर ठेवा. नाल्यात, ओढ्यात कचरा टाकू नका. तिवरे तोडू नका. कोणी भराव टाकताना दिसले, तर चार जणांनी मिळून तहसीलदार कचेरीत अर्ज द्या. मेलेले पाखरू उघड्या हाताने उचलू नका. त्याच्या पायात कडे दिसले, तर वनखात्याला कळवा.

आता तुम्हाला लिहिता येते. यंदा एक वही करा. कोणते पाखरू, कोणत्या तारखेला, कुठे आणि किती दिसले, एवढेच लिहा. नाव माहीत नसेल तर रंग लिहा. पुढच्या कार्तिकात तेच पान उघडा. पाहुणे आले की नाही, ते तुमची वही सांगेल. आले असतील, तर आपला चिखल अजून जिवंत आहे असे समजा.