फोटो ठेवले कुठे, अन् चावी कोणाकडे?

अकोल्याच्या आमच्या मामूंचा फोन रमजान ईदच्या चार दिवस आधी बंद पडला. दुरुस्तीवाल्याने सांगितले, बोर्ड गेला, आता काही होत नाही. मामू निवांत होते. "फोटो क्लाउडवर आहेत ना," म्हणाले. नवा फोन घेतला तेव्हा खरी अडचण कळली. जुन्या फोनचे खाते मोबाइलच्या दुकानातल्या पोराने उघडून दिले होते. ईमेल कोणता, पासवर्ड काय, घरात कोणालाच ठाऊक नाही. खात्याला जोडलेला नंबर रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद झाला होता, त्यामुळे ओटीपी येणार कुठे? मुलीचा निकाह, मरहूम नानींचे शेवटचे फोटो, सगळे कुठल्यातरी सर्व्हरवर आहे. फक्त आमच्या हातात नाही.

फोटो ठेवायला भरवशाची सेवा कोणती, असा प्रश्न घरोघरी निघतो. आमचे उत्तर थोडे वेगळे आहे. नुसत्या कंपनीच्या नावावर भरवसा ठेवू नका. खात्याची चावी तुमच्याकडे आणि फोटोंची दुसरी प्रत घरात, हे दोन्ही असेल तरच भरवसा.

मोठी नावेही बदलतात

आपल्यापैकी कितीतरी जणांनी ऑर्कुटवर फोटो टाकले होते. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. २०१६ मध्ये पिकासा वेब अल्बम गेले. फोटोबकेटने २०१७ मध्ये इतर वेबसाइटवर फोटो दाखवण्याची फुकट सोय बंद करून त्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा फुकट दिली, आणि २०१८ मध्ये जाहीर केले की फुकट खात्यात १,००० फोटोच ठेवता येतील. मायस्पेसने तर २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलताना लोकांच्या वर्षानुवर्षांच्या फाइल्स गेल्या.

गूगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झाले तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ते १५ जीबीच्या हिशेबात आले. म्हणजे फुकट म्हणजे कायमचे, असे कोणी समजू नये.

सेवा निवडताना पाच प्रश्न

पहिला, खाते कोणाच्या नावाचे? दुकानदाराला खाते उघडायला सांगू नका, घरच्या पोराला समोर बसवून उघडा. रिकव्हरी नंबर असा द्या जो चालू राहील, आणि दुसरा नंबर किंवा ईमेल घरच्या दुसऱ्या माणसाचा द्या. पासवर्ड वहीत लिहून कागदपत्रांच्या पेटीत ठेवा.

दुसरा, जागा किती आणि भरली तर काय? गूगलचे १५ जीबी फक्त फोटोंचे नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच येतो. अ‍ॅपलचे आयक्लाउड आणि मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह प्रत्येकी ५ जीबी फुकट देतात. एक फोटो ३ एमबीचा धरला तर १५ जीबीत पाच हजारांच्या आसपास फोटो बसतात. वलीम्याचे दोन-चार व्हिडिओ टाकले की हिशेब बिघडतो. गूगलची जागा भरली की मेल येणेही थांबू शकते.

तिसरा, खाते वापरले नाही तर? गूगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते हटवले जाऊ शकते. हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला. गावाकडच्या दादाजींच्या नावाने खाते असेल तर सहा महिन्यांतून एकदा तरी उघडून पाहा.

चौथा, सगळे फोटो एकदम बाहेर काढता येतात का? गूगलमध्ये त्यासाठी टेकआउट नावाची सोय आहे. ज्या सेवेत फोटो टाकता येतात पण सगळे मिळून परत घेता येत नाहीत, तिच्यापासून लांब राहा.

पाचवा, फोटो कोणाला दिसतात? हा प्रश्न आपल्या घरांसाठी सर्वांत मोठा. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून 'लिलावा'च्या अ‍ॅपवर टाकले गेले. उघड्यावर ठेवलेला फोटो कुठपर्यंत जातो, ते तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. गुन्हा करणाऱ्याचाच, फोटो ठेवणारीचा नाही. तरीही काळजी आपण घ्यावी. अल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल तो फोटो पाहू शकतो. म्हणून पाहून झाले की शेअरिंग बंद करा. निकाहाच्या फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देतानाच सांगा, की विचारल्याशिवाय एकही फोटो इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर जाणार नाही. कोणी गैरवापर केलाच तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

घरात एक प्रत हवीच

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात तणावाच्या दिवसांत इंटरनेट बंद राहिले. अशा वेळी क्लाउडवरचा फोटो असून नसल्यासारखा. उलट, जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले. अशा पाण्यात कपाटातले कागदी अल्बमही भिजतात अन् हार्ड डिस्कही. म्हणून एक प्रत क्लाउडवर, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, अन् जमले तर तिसरी दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा भावाकडे.

दोन गोष्टींत लोक नेहमी फसतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. ६० दिवस बिनमध्ये राहतो, मग कायमचा गेला. फोनची जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी अ‍ॅपमध्ये वेगळा पर्याय आहे, तोच वापरा. दुसरे, व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दबून लहान होतो. जपून ठेवायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

येत्या जुम्म्याला नमाज अन् जेवण झाले की अर्धा तास काढा. अम्मी-अब्बूंचा फोन हातात घ्या, खाते कोणते ते पाहा, नंबर चालू आहे का ते तपासा, वहीत लिहा. मामूंचे खाते अजून उघडलेले नाही. निकाहाचे फोटो आम्ही नातेवाइकांच्या फोनवरून गोळा केले. नानींचे शेवटचे फोटो मात्र फक्त मामूंनीच काढले होते.