चिंचोक्यांची फौज आणि कोरेगावचे गणित

दिवाळीची सुट्टी लागली की भिवंडीच्या गल्लीबोळांत मातीचे किल्ले उभे राहतात. एकीकडे यंत्रमागांचा खडखडाट, दुसरीकडे दगडविटा गोळा करून चिखल कालवणारी पोरे! बौद्धांनी दिवाळी करावी की नाही, यावर आमच्या वस्तीत वडीलधाऱ्यांचा वाद दरवर्षी होतो. पोरे त्या वादाला भीक घालत नाहीत. घरात फराळ नसेल, पण दारात किल्ला असतो. बुरूज, तळे, उतारावर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे.

गेल्या दिवाळीत आम्ही त्या मावळ्यांकडे जरा निरखून पाहिले. सगळे एकाच साच्यातले. तोच फेटा, तोच भाला, तीच मिशी. शिवकाळात किल्ल्याच्या घेऱ्याचा पहारा महार, रामोशी, बेरड यांच्याकडे असे. किल्ल्याकडे येणारा शत्रू आधी त्यांच्या नजरेला पडत असे. ते या किल्ल्यावर कुठे आहेत, असे आम्ही पोरांना विचारले. एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा म्हणाला, "काका, तसले बाजारात मिळत नाहीत."

त्या पोराने नकळत आमच्या इतिहासलेखनाचे दुखणे सांगून टाकले. जे बाजारात मिळत नाही ते किल्ल्यावर चढत नाही. मग आपण स्वतःच करून पाहू, असे आम्ही ठरवले. मात्र किल्ला नको, लढाई मांडू. आणि आमच्या वस्तीत लढाई म्हटली की ती एकच, १ जानेवारी १८१८ची.

युद्धाचा खेळ मांडून युद्ध समजून घेणे ही काही नवी टूम नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचे चतुरंग याच देशातले. प्रशियाच्या लष्करातील लेफ्टनंट रायस्विट्झ याने १८२४ साली नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच असा खेळ तयार केला आणि तिथल्या सेनापतींनी तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने खेळण्यातल्या शिपायांनी लढायच्या लढायांवर चक्क पुस्तक लिहिले. आज युरोप-अमेरिकेत हजारो माणसे टेबलावर वॉटर्लू मांडतात. बोटभर उंचीच्या शिपायांचे गणवेश रंगवतात, टेपने अंतर मोजतात, फासे टाकतात. आपल्या लष्करातही वाळूवर भूभागाची प्रतिकृती करून अधिकाऱ्यांना शिकवतात. आमच्याकडे रंगवलेले शिपाई कुठले? आम्ही चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे ५० माणसे.

हिशेब सोपा होता. कॅप्टन स्टाँटनचे पायदळ, म्हणजे बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, सुमारे ५०० : दहा चिंचोके. अडीचशे-तीनशे घोडेस्वार : पाच-सहा चिंचोके. सहा पौंडी तोफा दोन आणि त्यांच्यावर मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज. त्यांच्यासाठी अर्धा फोडलेला चिंचोका. समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज, २० हजार घोडदळ आणि ८ हजार पायदळ असा अंदाज. भागाकार केला तर ५६० चिंचोके! वस्तीतल्या चार घरांचे चिंचोके संपले.

खडूने भीमा काढली. काठावर कोरेगाव, मातीच्या भिंती, अरुंद बोळ. मग पोरे पेशव्यांचे चिंचोके गावात घालू लागली. ते मावेनात. गल्ली भरली, भिंतीवर ढीग झाला, नदीत सांडले. तेव्हा आम्ही सांगितले की गावावर चालून गेल्या त्या तीन तुकड्या, प्रत्येकी सुमारे ६००. त्यांत अरब होते, गोसावी होते. म्हणजे १८००, ३६ चिंचोके. पोरांनी मुकाट्याने बाकीचे बाहेर काढले. ५२४ चिंचोके नदीपलीकडे जाऊन बसले.

"मग हे एवढे सगळे काय करत होते?" त्याच पोराने विचारले.

हा प्रश्न आम्हाला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षे १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देतो, "पाचशेंनी अठ्ठावीस हजार कापले" अशी भाषणे ऐकतो आणि टाळ्या वाजवून परत येतो. लढाई म्हणून ती लढाई आम्ही कधी वाचलीच नव्हती. घोडदळाचा गावाच्या बोळात उपयोग नाही. पेशवा नदीपलीकडून लढाई पाहत होता आणि जनरल स्मिथची फौज आपल्या मागावर आहे ही धास्ती त्याला होती. म्हणून सगळे सैन्य एका गावात अडकवणे त्याला परवडणारे नव्हते.

आता काही समाजबांधव रागावतील. २८ हजारांचे १८०० करता, म्हणजे तुम्ही कोणाच्या बाजूचे? २०१८ साली, लढाईला २०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अभिवादनाला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. तेव्हापासून कोरेगावचा आकडा हा टीव्हीवरच्या भांडणाचा विषय झाला आहे. अशा वेळी आकडे कमी करायचे का? आमचे म्हणणे असे की २८ हजारांची फौज समोर होती हे खोटे नाही, पण ती सगळी अंगावर आली नाही हेही खरे आहे. ते आपणच आधी सांगावे. नाहीतर मनुवादी कंपू ते सांगेल आणि त्या एका दुरुस्तीच्या आडून सगळी लढाईच खोटी ठरवू पाहील.

शिवाय खेळ पुढे चालवून पाहा. शिपाई ३१ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता शिरूरहून निघाले. रात्रभर चालून, सुमारे २७ मैल तुडवून सकाळी दहाच्या सुमारास भीमेजवळ पोचले. झोप नाही, अन्न नाही. त्याच पायांनी लढाईला उभे राहिले ते रात्री नऊपर्यंत. नदी हाकेच्या अंतरावर आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही. एक तोफ हातची गेली. तिचा अधिकारी लेफ्टनंट चिझम मारला गेला, त्याचे शिर कापले गेले. काही गोरे गोलंदाज शरण जाऊ म्हणू लागले. लेफ्टनंट पॅटिन्सन जखमी असताना पुन्हा उठला, शिपायांनी तोफ परत घेतली. २४ गोलंदाजांपैकी १२ मेले, ८ जखमी झाले. आमच्या अर्ध्या चिंचोक्याचा चुराच उरला म्हणायचा. एकूण मृत, जखमी व बेपत्ता मिळून २७५, म्हणजे साडेपाच चिंचोके. पटावर सुमारे सोळा होते, त्यांतले साडेपाच उचलून बाजूला ठेवले तेव्हा पोरे गप्प झाली. भाषणातल्या आकड्याने ती कधी गप्प झालेली आम्ही पाहिली नाहीत.

दुसरीही एक गोष्ट. ते ५०० सगळे महार होते असे आपण बोलून जातो. स्तंभावर ४९ मृतांची नावे आहेत. त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाची. बाकीची इतर समाजांची. २२ म्हणजे जवळजवळ निम्मी. ज्या पेशवाईत या माणसांना रस्त्याने धड चालता येत नव्हते, तिच्या फौजेसमोर त्यांनी दिवसभर गाव सोडले नाही. याला अतिशयोक्तीची फोडणी कशाला हवी? बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. पुरावा नसेल तर त्यांनी लेखणी उचलली नसती, हे त्यांची पुस्तके वाचणाऱ्यास सांगायला नको.

लष्करी इतिहास हा निवृत्त कर्नलांच्या दिवाणखान्यातला विषय आहे, असे आपल्याकडे मानतात. आपल्यापुरते ते साफ चूक आहे. आपल्यासाठी तो भाकरीचा विषय होता. १८९२च्या सुमारास 'लढवय्या जाती'ची टूम काढून सरकारने महारांची भरती बंद केली. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारचे दार ठोठावले. पूर्वजांची लष्करातली चाकरी हाच त्या अर्जांचा आधार होता. लढाईचा इतिहास पोटासाठी लिहिणारी आपली पहिली माणसे ती! पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. सुभेदार रामजींचा मुलगा महूच्या लष्करी छावणीत जन्मला, हे आपण केवळ जयंतीच्या दिवशी आठवतो.

बुद्धाच्या अनुयायांनी लढाईचे खेळ मांडावेत का, असे एका आजींनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायला सिद्धार्थाने शाक्य संघात विरोध केला, हा प्रसंग बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सविस्तर मांडला आहे. पण सम्राट अशोकाकडेही पाहावे. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख हद्दपार झाले, हे त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. आपल्या जवळच्या सोपाऱ्यालाही त्याच्या लेखमालेतले तुकडे सापडले आहेत. स्वतः जिंकलेल्या लढाईतल्या मृतांचा आकडा दगडावर कोरणारा राजा आम्हाला दुसरा दाखवा. ज्याला प्रेते मोजता येतात त्यालाच युद्ध नको वाटते. आजींना हे पटले की नाही, कळले नाही. त्यांनी चिंचोके मात्र मोजून परत मागितले.

आणि हे सगळे कोरेगावलाच संपत नाही. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागले की दुगाड येते. रोज हजारो माणसे, गोदामांचे ट्रक आणि टेम्पो या रस्त्याने जातात. येथे १७८० सालच्या डिसेंबरात, १० ते १२ तारखांना, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातली मोठी लढाई झाली. गोडार्डने वसईला वेढा घातला होता. मराठ्यांची मदत वसईला पोचू नये म्हणून कर्नल हार्टले सुमारे दोन हजार माणसांनिशी वाट अडवून बसला होता. रामचंद्र गणेश वीस हजारांवर फौज घेऊन त्याच्यावर तीन दिवस तुटून पडला. शेवटच्या दिवशी पहाटे दाट धुके होते. त्याच्या आडून मराठे बगलेवरची उंचवट्याची जागा घ्यायला निघाले. हार्टलेने रात्रीतच तेथे आडोसा रचून तोफा चढवल्या होत्या. एकाएकी धुके फाटले आणि तोफा सुरू झाल्या. रामचंद्र गणेश पडला, त्याच्याकडचा पोर्तुगीज अधिकारी नरोन्हा जखमी झाला, फौज मागे फिरली. त्याच दिवसांत वसईही पडली.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्याचे आमच्या पोरांना पाठ आहे. दुगाड मात्र त्यांना फक्त फाटा म्हणून माहीत. हार्टले, रामचंद्र गणेश, नरोन्हा ही नावे पुस्तकांत आहेत. दोन्हीकडचे शिपाई त्याच पुस्तकांत नुसते हजारांनी मोजलेले. कोरेगावला कंपनी सरकारने दगडावर नावे कोरली, म्हणून ते २२ जण आपल्याला नावानिशी भेटतात.

यंदा पोरे दुगाड मांडणार आहेत. धुके कसे दाखवायचे यावर त्यांची बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरले की पटावर जुने धोतर पसरायचे, दोन्ही बाजूंनी त्याखाली हात घालून चाचपडत चिंचोके सरकवायचे आणि पंचाने शिटी मारली की धोतर ओढायचे. पंच आम्ही. डिसेंबरच्या एखाद्या रविवारी पहाटेची पहिली एसटी पकडून दुगाडचा उंचवटाही पाहून यायचा आहे. ज्यांना यायचे त्यांनी वही, पेन्सिल आणि टेप घेऊन यावे.